तिसरी शरणागती

तिला सगळे काजवाली म्हणत. भावाचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या खिडकीखाली ठेंगण्या स्टुलावर बसून ती आयुष्यभर शर्टांची, कोटांची काजं करत आली. कापडाला फट पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्या कडेकडेने टाक्याला टाका भिडवत जायचं. हे काम असं, की हात गुंततात पण डोकं रिकामं राहतं. रिकामं डोकं म्हणजे मोकाट जनावर, कुणाच्या रानात घुसेल नेम नाही. हिचं घुसलं ते थेट जादूच्या राज्यात.

दिसायला ती उंच होती, हाडापेराने दणकट. एका डोळ्यात जरा तिरळेपणा, त्यामुळे ती आपल्याशी बोलतेय की आपल्या मागच्या खुंटीशी, हे नव्या गिऱ्हाइकाला कळत नसे. जिभेला मात्र तिरळेपणा नव्हता. ती सरळ लागायची. लग्नाची स्थळं आली होती, पण पहिल्या दोन-चार वाक्यांतच त्यांचा चहा निवायचा. पुढे स्थळं यायची थांबली आणि भावाने विषय काढायचाही सोडला. वहिनी तेवढी अधूनमधून म्हणायची, "वन्सं, जरा तोंडाला काज करून घ्या, म्हणजे बटण लावता येईल."

"आधी तुमच्या नवऱ्याच्या घोरण्याला करते," ही म्हणायची. दोघींचं छान जमायचं.

शेजारच्या गल्लीत एक छापखाना होता. मालक दर महिन्याला एका लांबलचक जादूच्या कादंबरीचा एक पातळ भाग छापायचा आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांना विकायचा. कागद पिवळा, पुट्ठ्यावर भडक चित्र, लेखकाचं नाव कुठेच नाही. गोष्ट दोन वैऱ्यांची. डोंगरावर एक जादूगार राहतो, तळ्यावर एक चेटकीण. दोघांच्या मधल्या खोऱ्यावर राज्य कुणाचं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या हाणामारी. ज्या म्हाताऱ्याने हे सुरू केलं तो मध्येच वारला, आणि गाभण गाय दारात बांधून धनी मरावा तशी मालकाची गत झाली. वाचनालयवाले रोज विचारायचे, पुढचा भाग कधी.

छापखान्यात एक घड्याळजी यायचा. चौकात त्याचं घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान होतं आणि त्याच्याच मागे तो एकटा राहायचा. हौस म्हणून फुकटात प्रूफं तपासायचा. त्याने म्हाताऱ्याची गोष्ट पुढे ओढून दाखवली. जादूगार झकास उतरला, चेटकीण मात्र शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागली. मालक वैतागला. तो आपल्या कोटाची काजं करून घ्यायला शिंप्याकडे आला होता, तेव्हा खिडकीखालून आवाज आला, "तुमची चेटकीण मेलीय का हो? ज्याने आपलं घर जाळलं त्याला कुणी 'कृपया' म्हणतं?"

"मग काय म्हणतं?" मालकाने विचारलं.

काजवालीने सांगितलं. दुकानातलं एक गिऱ्हाईक कानावर हात ठेवून बाहेर गेलं. मालकाने त्याच दिवशी तिला कागदांचा गठ्ठा आणून दिला.

तेव्हापासून एक प्रकरण घड्याळजीचं, एक हिचं, असा रिवाज पडला. मालकाने नियम घालून दिले. दुसऱ्याच्या माणसाला मारायचं नाही. एकदा लिहिलं ते घडलं, मागाहून 'ते स्वप्न होतं' म्हणून पुसायचं नाही. आणि पुढे काय करणार आहे हे एकमेकांना आधी सांगायचं नाही, छापखान्यातून प्रूफ येईल तेव्हाच कळायचं. हा शेवटचा नियम मालकाचा लाडका होता. म्हणायचा, "दोन कोंबडे झुंजवायचे तर त्यांना एका टोपलीत झोपवायचं नसतं."

दोघांची पहिली गाठ पडली तीच भांडणाने. घड्याळजीने आपल्या प्रकरणात तळ्याकाठचं बोरूचं सगळं बन जाळून टाकलं होतं. चेटकिणीची सारी औषधं त्या बोरूत. काजवाली ब्लाउजला टोचलेली सुई तशीच ठेवून तणतणत छापखान्यात गेली. तिथे डोळ्याला भिंग लावून एक किडकिडीत माणूस भिंतीवरचं घड्याळ खोलून बसला होता.

"बोरू कुणी जाळला?"

त्याने भिंग काढलं. "जादूगाराने."

"जादूगाराला हात किती?"

"दोन."

"पुढच्या महिन्यात मोजून बघा म्हणावं."

मालक पोट धरून हसला. घड्याळजी हसला नाही, पण तिच्या पुढच्या प्रकरणात जादूगाराचा एक हात खरंच कोपरापर्यंत दगडाचा झाला, तेव्हा प्रूफाच्या कडेला त्याने बारीक अक्षरात लिहिलं, 'डावा केल्याबद्दल आभारी आहे. उजव्याने जेवतो.'

पण हा किडकिडीत माणूस भलता बेरकी निघाला. तो समोरून कधी लढायचा नाही. एकदा जादूगार जखमी पाखरू होऊन चेटकिणीच्या खिडकीत येऊन पडला. चार पानं तडफडला. काजवालीला खरंच कळवळा आला, तिच्या चेटकिणीने पाखराला उबेला घेतलं, दाणे भरवले. पुढच्या प्रकरणात पाखरू तळ्याच्या बांधाची किल्ली घेऊन उडालं. पुढे कधीतरी तो आंधळा भिकारी होऊन आला, पायावर लोळण घेतली, 'हरलो' म्हणाला. हिने पुन्हा विश्वास टाकला, पुन्हा तोंडावर आपटली. वाचनालयात पोरंसोरं हसली. वहिनी, जी प्रत्येक भाग छापून येताच वाचायची, ती म्हणाली, "वन्सं, तुमची चेटकीण डोक्याने जरा कमीच हो. बोलते मोठं, पण पुरुष रडला की पाघळते."

ते तिला लागलं. सुई बोटात घुसावी तसं लागलं.

दर शनिवारी दुपारी दोघं छापखान्याच्या मागच्या खोलीत प्रूफं तपासायला बसू लागली. खोलीत शाईचा आणि घासलेटचा वास, एक टेबल, दोन खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगणारी. डुगडुगणारीवर तो बसायचा. आधी दोघं नुसती भांडायची. मग भांडण उरकल्यावरही बसून राहायला लागली. तो शब्दांत कंजूस होता. घड्याळाची केसाएवढी कमान चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवणारा माणूस, एवढं तेवढं बोलला तरी काही तुटेल अशी त्याला भीती. एकदा तिचे डोळे लाल झालेले बघून त्याने एक छोटी डबी टेबलावर सरकवली. आत पितळी कडीचं भिंग.

"जुनं आहे. टाकून देणार होतो."

"टाकायच्या वस्तूला एवढं पुसतात?"

"सवय आहे," तो म्हणाला आणि प्रूफात डोकं घातलं. ओळ उलटी धरली होती.

तिने त्याचा खुंटीवरचा कोट न विचारता घरी नेला. त्याची उसवलेली काजं नव्याने करून आणली. त्यानेही विचारलं नाही. कोट घालून सगळी बटणं लावली, भर उन्हाळ्यात, आणि तसाच घामाघूम दुपारभर बसला.

हे सगळं कादंबरीत झिरपायला लागलं. जादूगार वीज पाडायचा ती तळ्याच्या जरा अलीकडे. चेटकीण साप सोडायची ते दात काढलेले. मालक कुरकुरला, "अहो, मंत्रांना धारच राहिली नाही. मागच्या भागात कुणी मेलंसुद्धा नाही. लोक भाडं कशाला देतील?" पण लोक उलट जास्त वाचायला लागले. दोघांचं कधी जमतंय, याची बायका वाट बघायला लागल्या. वहिनी तर दोन्हीकडची वाट बघत होती. रात्री नवऱ्याला म्हणाली, "तुमची बहीण शनिवारी वेणी घालून जाते." नवरा म्हणाला, "मग रोज काय केस मोकळे सोडते?" असला तो भाऊ.

घड्याळजीची एक बहीण होती, लांबच्या गावाला. तिच्या नवऱ्याच्या ओळखीने तिथे बाजारपेठेत दुकान मिळत होतं, आणि बहिणीने त्याच्यासाठी एक मुलगीही बघून ठेवली होती. हो म्हण, नाही म्हण, पण सांग, असा तिचा धोशा चालला होता. काजवालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तोंडाने सांगणं त्याला जमत नव्हतं. जे जमत होतं ते त्याने केलं. त्याच्या पाळीचं प्रकरण लिहिलं.

त्या प्रकरणात जादूगार डोंगर उतरून पायी येतो. वेश घेत नाही, पाखरू होत नाही. तळ्याकाठी चेटकिणीच्या दाराशी आपली काठी आडवी ठेवतो. त्याची सगळी विद्या त्या काठीत. म्हणतो, "मला आत घ्या. आता फसवायला माझ्याकडे काही उरलं नाही." आणि पायरीवर बसून राहतो. तिथेच प्रकरण संपतं.

प्रूफ हातात आलं तेव्हा काजवालीने हातातलं काज अर्धंच सोडलं. स्टुलावर बसल्या बसल्या तिने ते पान पुन्हा वाचलं. मग पाखरू आठवलं. मग भिकारी आठवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर दोनदा पोळलेलं. तरी शनिवारी तिने नियम जरा वाकवून विचारलंच.

"घड्याळजी, हे खरं आहे का?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली. "नियम मोडायचा नाही, बाई. तुम्हाला मनापासून वाटेल ते लिहा."

आता कुणालाही यातून कळलं असतं. पण ही दोघं एकमेकांना गंडवूनच एकमेकांच्या जवळ आलेली. त्याने नियमाचं नाव काढलं आणि तिला वाटलं, लपवतोय. कान लाल झाला, तिला वाटलं, हसू दाबतोय. घरी वहिनीने प्रकरण मागून घेतलं आणि वाचून म्हणाली, "यावेळी तरी शहाण्या व्हा हो, वन्सं." झालं. तिने लिहायला घेतलं.

आयुष्यातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तिने तेव्हा लिहिलं. चेटकीण दार उघडते. हसते. काठी उचलते आणि गुडघ्यावर मोडते. म्हणते, "तिसऱ्यांदा नाही." मग तळ्यावर फुंकर घालते आणि तळं, बांध, बोरू, दाराची पायरी, सगळं गोठवून टाकते आणि दार लावून घेते. पायरीवर जादूगार बसलेलाच. लिहिताना काजवालीला गुदगुल्या होत होत्या. तो प्रूफ वाचून काय चिडेल, कडेला काय टोमणा मारेल, याचाच ती विचार करत होती. तिला त्याला दुखवायचं नव्हतं. तिला त्याच्यावर एकदा, फक्त एकदा, मात करायची होती आणि मग शनिवारी समोर बसून त्याचं तोंड बघायचं होतं.

शनिवारी तो आला नाही. त्याने तपासलेलं प्रूफ टेबलावर होतं. मालक खुशीत होता. "काय लिहिलंय बाई! छपाईचे फर्मे मशीनवर चढवलेसुद्धा."

तिने पानं उलटली. कडेला टोमणा नव्हता. चुकाही दाखवल्या नव्हत्या. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने एका जागी 'चेटकीण'चं 'चेकटीण' केलं होतं, आंधळ्यालाही दिसावं असं, आणि ते तसंच राहिलं होतं. एवढ्या वर्षांत त्याने असली चूक कधी सोडली नव्हती. 

ती थेट चौकात गेली. दुकान उघडं होतं. भिंतीवरची सगळी घड्याळं उतरवून तो एकेकाला फडक्यात गुंडाळत होता. ती फळीपाशी उभी राहिली.

"'चेकटीण' तशीच राहिली," ती म्हणाली.

"हो का? बघितलं नाही."

"घड्याळजी, मला वाटलं डाव आहे."

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. बराच वेळ तो फडक्याची घडी सरळ करत राहिला. "वाटणारच. मी दुसरं केलंय काय आजवर."

"मी पुढच्या प्रकरणात..."

"पुढचं माझं आहे."

"मग मी आत्ता सांगते. तोंडाने सांगते. दार उघडं आहे. छापखाना गेला खड्ड्यात आणि तो नियमही. ऐकताय का?"

तो खाली बसला. दुकानात एकच खुर्ची होती, आणि ती तिला द्यायची त्याला सुचलं नाही, इतका तो खचला होता. "बाई, प्रूफ वाचलं आणि मी बहिणीला तार केली. हो म्हणून. तिने त्या मुलीच्या घरी जाऊन शब्द दिला. त्या मुलीचं आधी एकदा जमून मोडलंय. दुसऱ्यांदा मोडायचं, आणि ते मी मोडायचं?"

  त्या मुलीला काजवाली ओळखत नव्हती. ओळखत असती तर कदाचित तिचा रागराग तरी करता आला असता.

"आधी तोंडाने विचारलं असतंत तर?" ती म्हणाली.

"धीर झाला नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलंय."

एक गिऱ्हाईक आलं, पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ घेऊन. घड्याळजी म्हणाला, दुकान बंद झालंय. तिने तेवढ्यात पदर सारखा केला आणि ती निघाली. तो पायरीपर्यंत आला. तिथून पुढे आला नाही.

त्याच्या पाळीचं प्रकरण त्याने त्या लांबच्या गावाहून टपालाने पाठवलं. कामाला चुकणारा माणूस नव्हता. त्यात जादूगार गोठलेल्या पायरीवरून उठतो, मोडकी काठी तिथेच टाकतो आणि बर्फावरून चालत निघून जातो. खोऱ्यापलीकडच्या एका वस्तीत साधा माणूस म्हणून राहतो. कुणाला ओळख देत नाही. सोबत मालकाला चार ओळी होत्या, यापुढे जमणार नाही म्हणून.

आता पाळी हिची. मालक हात जोडून दारात आला. "बाई, चेटकिणीला त्याच्यामागे पाठवा. शोधू दे, रडू दे, माफी मागू दे. लोक वेडे झालेत. आता दोघांचं तुम्हीच लिहा, मी दुप्पट देतो."

लिहिणं अवघड नव्हतं. चेटकीण त्या वस्तीत जाते, दार ठोठावते, तो दार उघडतो. तिच्या डोक्यात ते सगळं तयारच होतं, शब्दन्‌शब्द. काजं करता करता ती ते रोज लिहीत होती, कागदाशिवाय. पण लिहिलं की छापलं जाणार, आणि छापलेलं त्या गावच्या वाचनालयातही जाणार. त्याच्या घरात कुणी आणणार. आपण ठोठावलं ते त्याला ऐकू जाणार, बायको शेजारी बसलेली असताना.

तिने प्रकरण लिहून दिलं. त्यात चेटकिणीवर समुद्रापलीकडचा एक लोखंडी राक्षस चालून येतो. ती त्याच्याशी लढते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जादूगाराचं नाव नाही. ती त्याच्यामागे जात नाही, त्याची आठवण काढत नाही, बर्फाकडे बघतसुद्धा नाही.

मालकाने कपाळावर हात मारला. वाचनालयांतून शिव्या आल्या. ही बाई आहे की धोंडा, असं लोक विचारू लागले. वहिनीने तो भाग वाचून चुलीजवळ ठेवला. रात्री तिने काजवालीच्या डोक्याला तेल लावलं, बराच वेळ, नको म्हणत असतानाही. पुढे राक्षसाचा कंटाळा येऊन लोकांनी कादंबरी सोडली. मालकाने लग्नपत्रिका आणि पावत्या छापायला घेतल्या. काजवाली काजं करत राहिली. कुणी गोष्टीचा विषय काढला तर म्हणायची, "हात भरून आला होता, म्हणून सोडलं."

तिचे केस पांढरे झाल्यावरची गोष्ट. दुपारच्या वेळी एक गोल चेहऱ्याची, हसरी बाई दुकानात आली. हातात पुरुषाचा कोट, बटण तुटलेलं. "आम्ही पाहुणे आहोत," ती म्हणाली. "ह्यांचं इथे पूर्वी दुकान होतं, घड्याळांचं. आता दिसत नाही त्यांना फारसं. तिकडे झाडाखाली बाकावर बसवून आलेय. म्हटलं, हिंडून थकलात, बसा जरा."

काजवालीने कोट घेतला. रस्त्यापलीकडे बाक होता. त्यावर एक पाठमोरी आकृती होती, टोपी घातलेली. तिने तिकडे एकदा बघितलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

बाईला गप्पांची आवड होती. "बाहेर कुणीतरी म्हणालं, जादूच्या कादंबऱ्या तुम्ही लिहायच्या. ती डोंगरावरचा जादूगार न्‌ तळ्यावरची चेटकीण? खरं?"

"थोडं लिहायचे."

"बाई गं. मी लग्न होऊन गेले तेव्हा वाचायचे, चोरून. आमच्या ह्यांना आवडत नाही असलं. घरात आणलं की उठून बाहेर जायचे. म्हणायचे, पोरकट आहे." ती हसली आणि मग गंभीर झाली. "पण एक सांगू? राग मानू नका. तुमच्या त्या चेटकिणीचा मला फार राग आला होता. तो बिचारा एवढा बर्फातून एकटा गेला. मी रडले हो. म्हटलं, आता ही जाईल, आता जाईल. भाग आणला, तर ही बया कुठल्या लोखंडाशी भांडत बसलीय. निदान एक हाक तर मारायची. मागे वळला नसता तरी चाललं असतं. पण त्याला कळलं तरी असतं की नाही?"

काजवालीने बटणाच्या देठाला दोरा गुंडाळला, गाठ मारली, दातांनी तोडला.

"कळलं असेल," ती म्हणाली.

"कसं कळेल? कुठे लिहिलंय?"

काजवालीने कोट झटकला, बटण लावून, काढून बघितलं आणि घडी करून बाईच्या हातात दिला.

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "जा, त्यांना उन्हात बसवू नका फार वेळ. सावली सरकलीय."

बाई गेली. रस्ता ओलांडून तिने त्याला कोट घातला, सगळी बटणं लावली, आणि हाताला धरून हळूहळू घेऊन गेली. भावाने आतून विचारलं, कोण होतं गं? ही म्हणाली, गिऱ्हाईक.